छत एक, तारा अनेक

तालुक्याच्या ठिकाणची प्रशासकीय इमारत आता बहुतेकांच्या ओळखीची आहे. तळमजल्यावर तहसील कार्यालय, पुरवठा शाखा आणि सेतू. वरच्या मजल्यांवर दुय्यम निबंधक, उपकोषागार, भूमी अभिलेख, सहकारी संस्थांचे सहायक निबंधक, तालुका कृषी अधिकारी. गावभर विखुरलेली, भाड्याच्या खोल्यांत चालणारी कार्यालयं एकत्र यावीत आणि लोकांचे हेलपाटे वाचावेत, हा त्यामागचा हेतू. तो बऱ्याच अंशी साधलाही. पाण्याची टाकी सगळ्यांची एक, जिना एक, वाहनतळ एक, रात्रीचा पहारेकरी एक. इंटरनेट मात्र बऱ्याच ठिकाणी ज्याचं त्याचं.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. खात्याने आपली जोडणी घेतली, आपलं देयक भरलं, यात बिघडलं काय? पण आज सरकारचं जवळजवळ प्रत्येक काम तारेवर चालतं. त्या तारा कुणी, कशा आणि किती घ्यायच्या, याचा परिणाम थेट खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या माणसावर होतो. म्हणून हा प्रश्न तंत्रज्ञांच्या हाती सोडून देण्यासारखा नाही.

पंचवीस पावलांचा प्रवास

शेतजमिनीचा व्यवहार ठरला की घेणारा, देणारा, साक्षीदार अशी सगळी मंडळी एक दिवस मोडून तालुक्याला येतात. दुय्यम निबंधकांपुढे दस्त ‘आय-सरिता’ या प्रणालीत नोंदला जातो. फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेतले जातात, सूची क्रमांक दोन निघते. तिथून व्यवहाराची माहिती ‘ई-फेरफार’ प्रणालीकडे जाते. तहसील कार्यालयात ती पाहिली जाते, तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावं लागतं, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नव्या मालकाचं नाव चढतं. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या काढता येतो, तो या साखळीच्या जोरावर.

आता ही साखळी इमारतीत उभं राहून पाहा. दुय्यम निबंधकांचं दार आणि तहसीलदारांचं दार यांत वीस-पंचवीस पावलांचं अंतर असतं. दस्ताची माहिती मात्र ही पावलं चालत नाही. एका तारेने ती इमारतीबाहेर पडते, सरकारच्या डेटा सेंटरमध्ये पोचते आणि दुसऱ्या तारेने त्याच इमारतीत परत येते. तसं होण्यात गैर काही नाही. सगळ्या राज्याची नोंद एका जागी सुरक्षित राहावी म्हणून प्रणाली मुद्दाम तशी बांधली आहे. पण त्यामुळे दोन्ही कार्यालयांचं काम आपापल्या तारेवर संपूर्ण अवलंबून राहतं. पूर्वी रजिस्टर कपाटात असे आणि वीज गेली तरी कारकून लिहू शके. आता तार तुटली की खिडकी बंद.

अशा वेळी लोकांच्या कानावर ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढंच येतं. कधी सर्व्हर खरोखर बंद असतो. पुष्कळदा तो लांब कुठेतरी व्यवस्थित चालू असतो आणि बंद असते ती इमारतीत येणारी एक विशिष्ट जोडणी. निबंधकांकडे काम ठप्प, साक्षीदार बाकावर बसून, आणि भिंतीपलीकडच्या कार्यालयात त्याच क्षणी सुरळीत चाललेलं इंटरनेट, असा प्रकार यातून घडतो. ते इंटरनेट वापरायची परवानगी कुणालाच नसते, कारण ते दुसऱ्या खात्याचं असतं.

प्रत्येक योजनेची वेगळी वाट

हे असं का झालं? कुणाच्या आळसामुळे नाही. प्रत्येक खात्याने आपापल्या परीने नीट काम केलं, म्हणूनच झालं.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ साली स्थापन झालं. त्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्हाधिकारी कार्यालयांना उपग्रहाने जोडणारं ‘निकनेट’ उभारलं. दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहण्याचे ते दिवस होते, त्या काळात हे मोठं धाडस होतं. पुढे मार्च २००५ मध्ये केंद्राने राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली. राज्य मुख्यालय, जिल्हा मुख्यालय आणि तालुका किंवा गट अशा तीन पायऱ्या, आणि पायरीपायरीला किमान दोन एमबीपीएसची जोडणी. खर्चाचा अंदाज ३,३३४ कोटी रुपये. महाराष्ट्राचं राज्यव्यापी जाळं याच योजनेतलं.

या योजनेच्या आराखड्यात दोन प्रकारच्या जोडण्या होत्या. एक उभी, म्हणजे मुंबईहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून तालुक्याला येणारी. दुसरी आडवी, म्हणजे तालुक्याला पोचलेली जोडणी आजूबाजूच्या इतर कार्यालयांना वाटून देणारी. एका इमारतीतल्या सगळ्या कार्यालयांनी एकच जाळं वापरावं, ही कल्पना अशी वीस वर्षांपूर्वीच कागदावर आलेली होती. उभ्या जोडणीला केंद्राचा निधी, कालमर्यादा आणि देखरेख होती. आडवी वाढवणं मुख्यतः राज्यांवर आणि त्या त्या खात्यांवर राहिलं, आणि तिथे काम रेंगाळलं.

दरम्यान प्रत्येक खात्याची स्वतःची मोठी योजना आली. २००७ मध्ये न्यायालयांसाठी ई-कोर्ट्स. २००८ मध्ये भूमी अभिलेख आधुनिकीकरण, ज्यात तहसील आणि निबंधक कार्यालयं जोडणं हा एक घटकच होता. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर २००९ मध्ये पोलीस ठाण्यांना जोडणारी सीसीटीएनएस, दोन हजार कोटींची. २०१० मध्ये विद्यापीठं आणि संशोधन संस्थांसाठी ५,९९० कोटींचं राष्ट्रीय ज्ञान जाळं. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींसाठी ऑप्टिकल फायबरचं जाळं, ज्याला पुढे भारतनेट हे नाव मिळालं.

यातली प्रत्येक योजना गरजेची होती. प्रत्येकीला स्वतःचं लेखाशीर्ष होतं, स्वतःची निविदा होती, प्रगतीचा स्वतःचा अहवाल होता. ‘इतकी कार्यालयं जोडली’ हा आकडा त्या अहवालात दाखवायचा होता. ‘शेजारच्या कार्यालयाची जोडणी वापरली, म्हणून नवी घेतली नाही’ हे दाखवायला अहवालात रकाना नव्हता. दिल्लीतून आणि मुंबईतून योजना समांतर खाली आल्या आणि तालुक्याच्या एकाच इमारतीत, एकाच जिन्याखाली त्यांच्या जोडण्यांच्या पेट्या शेजारी शेजारी लागल्या.

जेसीबीसमोर सगळे सारखे

याचा तोटा नुसता पैशांचा असता तर एक वेळ सोडून देता आलं असतं. खरा तोटा भरवशाचा आहे.

आपल्याकडे तार तुटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे रस्त्याचं काम. रुंदीकरण, गटार, जलवाहिनी, काहीतरी कुठेतरी चालू असतंच, आणि जेसीबीच्या फाळाला खालची केबल दिसत नाही. इमारतीत सहा कार्यालयांच्या सहा जोडण्या असल्या, तरी बाहेर त्या बहुधा एकाच रस्त्याने, एकाच चरातून किंवा एकाच खांबावरून येतात. जोडण्या सहा असल्या तरी धोका एकच राहतो. तो चर उकरला की सहाही गेल्या. त्या तुटत नाहीत तेव्हाही भारी नसतात, कारण प्रत्येक खात्याने आपल्या तुटपुंज्या तरतुदीतून घेतलेली असते ती एक बारीक जोडणी.

हाच पैसा एकत्र केला, तर इमारतीला दोन चांगल्या जोडण्या घेता येतात. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या रस्त्यांनी येणाऱ्या. एक तुटली तर काम दुसरीवर आपोआप वळतं. सुधारित भारतनेट योजनेला ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्यात गावांची जोडणी रेषेऐवजी वलयाच्या रचनेत करायचं ठरलं, ते याच कारणासाठी. वलयात कुठेही एका जागी तुटलं तरी माहिती उलट्या बाजूने पोचते. गावासाठी जे शहाणपण मान्य झालं, ते तालुक्याच्या इमारतीला लागू करायला हरकत नसावी.

दुसरा फायदा गर्दीच्या वेळांचा. दहावी-बारावीचे निकाल लागले की जून-जुलैत सेतूवर उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांची झुंबड उडते. उपकोषागारात पगाराच्या देयकांची घाई महिन्याच्या ठरावीक दिवसांत. कृषी कार्यालयाची धावपळ खरिपाच्या तोंडावर. समजा सहा कार्यालयांनी प्रत्येकी दहा एमबीपीएस घेतले, तर सेतूला जूनमध्ये दहाच मिळतात आणि इतरांचे पडून राहतात. साठ एकत्र घेतले तर ज्याला ज्या दिवशी गरज, त्याला त्या दिवशी जास्त मिळतं. मार्च महिना मात्र वेगळा. रेडी रेकनरचे नवे दर एप्रिलपासून लागायचे म्हणून निबंधकांकडे रांगा आणि आर्थिक वर्षअखेर म्हणून कोषागारातही रांगा. म्हणून सामायिक जोडणी घ्यायची ती मार्चच्या मापाने घ्यायला हवी आणि कितीही गर्दी असली तरी प्रत्येक कार्यालयाला ठरलेला किमान वाटा मिळेल, अशी व्यवस्था त्यात असायला हवी.

भिंत तारेत बांधता येते

‘सगळ्यांचं जाळं एक झालं तर आमची माहिती शेजारच्या खात्याला दिसेल’ ही शंका नेहमी पुढे येते. शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर जुनं आहे.

इमारतीच्या जाळ्याच्या मध्यभागी स्विच नावाची एक चपटी पेटी असते. तिला ओळीने चोवीस किंवा अठ्ठेचाळीस खाचा, प्रत्येक खाचेत एक केबल. संगणकाकडून निघालेली माहिती लहान लहान तुकड्यांत इथे येते. स्विचला सांगून ठेवता येतं की एक ते आठ क्रमांकाच्या खाचा निबंधकांच्या, नऊ ते सोळा कोषागाराच्या. मग सामायिक तारेवरून पुढे जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याच्या माथ्याशी स्विच चार बाइटची एक चिठ्ठी जोडतो. त्या चिठ्ठीत बारा बिटांचा एक क्रमांक असतो, तो त्या कार्यालयाचा. कोषागाराचा क्रमांक असलेला तुकडा निबंधकांच्या खाचेतून बाहेर पडूच शकत नाही. बारा बिटांत चार हजारांहून जास्त क्रमांक बसतात, म्हणजे आपल्या सात-आठ कार्यालयांना जागेची चणचण नाही. या पद्धतीला व्हीलॅन म्हणतात. तिचं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ सालचं आहे. बँका, रुग्णालयं, विमानतळ सगळे ती रोज वापरतात. तार एकच असते, तिच्यातून वाहणारे प्रवाह वेगळे राहतात.

याच्यावर दुसरं कवच चढवता येतं ते सांकेतिकीकरणाचं. कोषागाराच्या संगणकापासून थेट कोषागाराच्या सर्व्हरपर्यंत माहिती कुलूपबंद जाते आणि वाटेतलं जाळं कुणाच्या मालकीचं आहे याने फरक पडत नाही. ब्रिटनच्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसने जानेवारी २०१७ मध्ये जाहीरच केलं की सरकारी कामाच्या फार मोठ्या भागासाठी साधं इंटरनेट पुरेसं आहे आणि खास सरकारी जाळ्यापासून खात्यांनी हळूहळू दूर व्हावं. संरक्षण तारेचं करण्याऐवजी माहितीचं करावं, हा त्यामागचा विचार. एकदा तो पटला की तार वाटून घेण्याची भीती निम्मी होते.

भिंत न बांधता जाळं मोठं करत गेलं तर काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक कितीतरी दिवस कागदावर चाललं. सरकारने संसदेत कारण सांगितलं ते जाळ्याची विभागणी नीट नसल्याचं. सामायिक जाळ्याच्या विरोधकांनी हे उदाहरण जरूर द्यावं. मात्र त्यातून निघणारा धडा विभागणीचा आहे. एका खात्याच्या स्वतःच्या जाळ्यातही आत भिंती नसतील, तर ते वेगळं असूनही असुरक्षितच राहतं.

ब्रिटनने काय केलं

सामायिक इमारतींचा प्रयोग ब्रिटनने जाणीवपूर्वक केला. २०१३ मध्ये तिथे ‘वन पब्लिक इस्टेट’ हा कार्यक्रम सुरू झाला. केंद्र सरकार, नगरपालिका आणि इतर सार्वजनिक संस्थांनी जागा एकमेकांत वाटून घ्याव्यात, रिकाम्या विकाव्यात, हा त्याचा उद्देश. पुढे केंद्र सरकारने मोठ्या सामायिक इमारती घेतल्या. लंडनच्या कॅनरी वॉर्फमधली ‘१० साउथ कॉलनेड’ ही त्यातली एक, एडिनबरातलं ‘क्वीन एलिझाबेथ हाउस’ दुसरी. अशा इमारतीत अनेक खात्यांची माणसं एकाच मजल्यावर बसतात. खाती अशी जवळ येऊ लागली की रोजचा पहिला प्रश्न उभा राहतो तो वायफायचा. दुसऱ्या खात्यात बैठकीला गेलेल्या माणसाला तिथलं वायफाय चालेना. पाहुण्यांसाठी वेगळं जाळं, त्याचा रोज बदलणारा पासवर्ड, स्वागतकक्षात चिठ्ठ्यांवर लिहून दिलेला.

यावर २०१६ च्या सुमारास ‘गव्हवायफाय’ ही सेवा आली. सरकारी ईमेलवरून एक रिकामं ईमेल ठरलेल्या पत्त्यावर पाठवायचं, उलट उत्तरात नाव आणि पासवर्ड येतो. फोन किंवा लॅपटॉपमध्ये ते एकदा भरलं की ही सेवा असलेल्या कोणत्याही सरकारी इमारतीत तो आपोआप जोडला जातो. बाहेरच्या पाहुण्यासाठी आतला कर्मचारी हमी देतो, मग पाहुण्यालाही नाव आणि पासवर्ड मिळतो.

या सेवेची रचना समजून घेण्यासारखी आहे. इमारतीतली वायफायची उपकरणं आणि इंटरनेटची जोडणी यजमान खात्याचीच राहते. मध्यवर्ती सेवा फक्त ओळख पटवते, ‘हा माणूस आपल्यापैकी आहे का’ एवढंच उत्तर देते. सामील होणारं खातं सामंजस्य करारावर सही करतं, त्यात कोणाची काय जबाबदारी ते लिहिलेलं असतं. आणि वायफायला जोडला म्हणून कुणाला कोणत्याही खात्याच्या फायली उघडत नाहीत. त्यासाठी आपल्या खात्याच्या सुरक्षित वाटेने वेगळं जावं लागतं. मालकी विखुरलेली, ओळख एकत्र आणि जबाबदारी लेखी, या तीन गोष्टींवर ती सेवा उभी आहे.

या कल्पनेचं मूळ विद्यापीठांत सापडतं. नेदरलँड्सच्या सर्फनेट या संस्थेतल्या क्लास विरेंगा यांनी २००२ मध्ये ‘एड्युरोम’ची कल्पना मांडली. एका विद्यापीठातला प्राध्यापक दुसऱ्या विद्यापीठात गेला, तर त्याने आपल्याच नावाने आणि पासवर्डने तिथलं वायफाय वापरावं. पासवर्ड यजमान विद्यापीठाला कळत नाही. तो कुलूपबंद होऊन प्राध्यापकाच्या मूळ विद्यापीठाकडे जातो आणि तिथून फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येतं. आज शंभराहून अधिक देश आणि प्रदेशांत हे चालतं. भारतात ते अर्नेट ही सरकारी संस्था चालवते. हाच नमुना नगरपालिका, आरोग्यसेवा आणि पोलिसांसाठी घेऊन ‘गव्हरोम’ तयार झालं. ते नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये रुजलं आणि ब्रिटनमध्ये जिस्क ही संस्था ते चालवते. म्हणजे ज्या पद्धतीने आपल्या देशातला प्राध्यापक परदेशात बिनबोभाट इंटरनेट वापरतो, ती पद्धत हाताळणारी सरकारी यंत्रणा आपल्याकडे आहे. मंडळ अधिकाऱ्याला त्याच इमारतीतल्या वरच्या मजल्यावर ती मिळू नये, याला तांत्रिक कारण कोणतंही नाही.

आपल्याकडचे नमुने

देशात हे कुणी केलंच नाही असं मुळीच नाही. दिल्लीतल्या शास्त्री भवन, कृषी भवन, उद्योग भवन यांसारख्या इमारतींत वर्षानुवर्षं अनेक मंत्रालयं शेजारी शेजारी बसत आली आणि तिथलं इमारतीचं जाळं एनआयसीने चालवलं. मंत्रालय बदललं, खोल्या बदलल्या तरी जाळं इमारतीचंच राहिलं. गोव्याने राज्याचं स्वतःचं ब्रॉडबँड जाळं उभारून सरकारी कार्यालयं गावच्या पंचायतींपर्यंत जोडली. केरळने तर पुढचं पाऊल टाकलं. वीज मंडळाच्या खांबांवरून फायबर नेऊन ‘के-फोन’ हे राज्याचं जाळं उभारलं आणि ५ जून २०२३ रोजी त्याचं उद्घाटन केलं. तीस हजार सरकारी कार्यालयं आणि वीस लाख गरीब कुटुंबं जोडण्याचं त्याचं उद्दिष्ट. तिथे जाळं राज्याचं आहे आणि खाती त्याची ग्राहक आहेत.

महाराष्ट्रात या विचाराला सर्वांत जवळची जागा आहे ती ग्रामपंचायतीची. भारतनेटची फायबर ग्रामपंचायत कार्यालयातल्या एका छोट्या पेटीपाशी येऊन थांबते. त्याच आवारात किंवा हाकेच्या अंतरावर तलाठ्याचं कार्यालय, शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र. गावातलं आपले सरकार सेवा केंद्र बहुधा त्याच इमारतीत. फायबर एकदा दारात आली की पुढच्या शंभर मीटरचा खर्च किरकोळ असतो. पण त्या शंभर मीटरची जबाबदारी महसूल खात्याची, शिक्षण खात्याची की आरोग्य खात्याची, हे ठरत नाही तोवर पेटी ग्रामपंचायतीत राहते आणि तलाठी स्वतःच्या मोबाइलच्या डेटावर सरकारचं काम करतो.

अडचण कराराची आहे

या सगळ्या चर्चेत तंत्राचा प्रश्न लवकर संपतो. उरतो तो जबाबदारीचा, आणि तो सोडवायला धीर लागतो.

पहिला प्रश्न देयकाचा. सामायिक जोडणीचं देयक एका कार्यालयाच्या नावे येणार. त्याच्या तरतुदीत ते बसत नाही, आणि इतर खात्यांनी वाटा कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचा हे स्पष्ट नसतं. लेखापरीक्षणात ‘दुसऱ्या खात्याचा खर्च का केला’ असा आक्षेप येण्याची भीती कुठल्याही कार्यालयप्रमुखाला वाटणारच. म्हणून तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी आपापसांत समजुतीने हे करावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. वाटा ठरवणारा शासन निर्णय वरूनच यायला हवा.

दुसरा प्रश्न नोंदींचा. सायबर सुरक्षेची राष्ट्रीय संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत ती कळवावी लागते, यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळलेली ठेवावी लागतात. आता सहा कार्यालयांच्या जिन्याखालच्या सहा पेट्यांमध्ये हे कोण करणार? तिथे संगणक समजणारा पूर्णवेळ माणूस नसतो. एक जाळं असेल तर एकाच जागी नोंदी राहतात, एकच माणूस नेमता येतो आणि घटना घडल्यावर सहा तासांत कळवणारा कोण, हे आधीच ठरलेलं असतं. सुरक्षेच्या नावाने ज्या वेगळेपणाचं समर्थन होतं, त्याच वेगळेपणामुळे सुरक्षेचे साधे नियम पाळणं अशक्य होतं.

तिसरा प्रश्न अपवादांचा. पोलीस, न्यायालय, निवडणूक यांची काही यंत्रणा वेगळीच राहायला हवी, आणि ती राहू द्यावी. त्यांनीही इमारतीतली केबल, वीजपुरवठा आणि बॅटऱ्या वाटून घ्यायला हरकत नाही. वाटून घेण्याच्या पायऱ्या असतात. कुणी जागा आणि वीज वाटेल, कुणी तार वाटेल, कुणी वायफाय वाटेल. सगळ्यांना एकाच पायरीवर ओढायची गरज नाही.

चौथा प्रश्न लोकांचा आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, कारण नसताना दिली नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. सेवेला मुदत आली, पण ती सेवा ज्या तारेवर चालते तिच्या भरवशाला मुदत आली नाही. तार किती तास बंद होती, का बंद होती, कुणी केव्हा जोडली, याचा हिशेब इमारतीच्या दर्शनी भागात कुठेही लागत नाही. जाळं सामायिक झालं आणि त्याला एक जबाबदार यजमान मिळाला, तर हा हिशेब मागता येईल. आज तो मागायचा कुणाकडे, हेच रांगेतल्या माणसाला ठाऊक नाही.

नव्या इमारतीचं भूमिपूजन होईल तेव्हा

राज्यात प्रशासकीय इमारती अजून बांधल्या जात आहेत. प्रत्येकीचं अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. त्यात वीज, पाणी, अग्निशमन यांची तरतूद इमारतीसाठी एकत्रच असते. जाळ्याची तरतूद तशीच, त्याच अंदाजपत्रकात आली पाहिजे. प्रत्येक मजल्यावर एक कुलूपबंद खोली, तिथे हवा खेळती आणि बॅटरीवरची वीज. मजल्यामजल्याला जोडणारी फायबर. दोन वेगळ्या बाजूंनी आत येणारे, केबलसाठीचे दोन नळ. इमारत उभी राहिल्यावर भिंती फोडून हे करायला कितीतरी पट खर्च येतो आणि मग खिडक्यांतून लोंबणाऱ्या केबल नशिबी येतात.

जुन्या इमारतींसाठी करार पुरेसा आहे, आणि तो दोन पानांत मावतो. यजमान कार्यालय कोणतं. देयकाचा वाटा कुणाचा किती. प्रत्येकाला किमान किती वेग. भिंती कुणी आखायच्या आणि वर्षातून एकदा कुणी तपासायच्या. नोंदी कुठे राहतील. तार तुटली तर पहिला फोन कुणाला आणि किती तासांत दुरुस्ती. एखादं कार्यालय इमारत सोडून गेलं तर काय. प्रत्येक जिल्ह्यात एनआयसीचे जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी आहेत, जिल्हाधिकारी आहेत, नियोजन समितीचा निधी आहे. एका जिल्ह्याने आपल्या सगळ्या तालुक्यांच्या इमारतींत हे करून दाखवलं, तर बाकीच्यांसाठी नमुना तयार होईल.

वाचकांपैकी कुणी जिल्हा परिषदेत असेल, पंचायत समितीत असेल, सरकारी सेवेत असेल, किंवा नुसता सातबारा काढायला जाणारा नागरिक असेल. आपल्या तालुक्याच्या इमारतीत किती जोडण्या येतात, त्यांचं वर्षाचं एकूण देयक किती होतं आणि गेल्या वर्षी त्या किती तास बंद होत्या, हे तीन प्रश्न माहिती अधिकारात लेखी विचारा. उत्तरं समोर ठेवून आमदारांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे एकच मागणी करा. इमारतीचं जाळं इमारतीच्या नावे करा आणि त्याला एक जबाबदार अधिकारी द्या.